व्याह्यांच्या चाकूचा बाक

१० ऑक्टोबर
पुढच्या रविवारी व्याही नारीन खायला येणार, म्हणजे बारीक कापलेलं मांस नि शेवया. जेवण झालं की मेरिमच्या लग्नाची तारीख ठरेल. मागच्या खेपेला कादिरकुल व्याह्यांनी आपल्या वडिलांचा घडीचा चाकू माझ्या हाती दिला. म्हणाले, पुढच्या वेळी मांस यानेच कापा. पात्याच्या धारेला मुठीजवळ आत बाक, पुढे फुगीर पोट. देखणी चीज. मध्यंतरी मी त्याने कोठीतलं लिनोलियम कापलं, तर बोथट झाला. हल्ली लिनोलियमच निकृष्ट येतं.
संकल्प: धार मी स्वतः लावणार.

१२ ऑक्टोबर, सकाळ
सपाट दगड आणला. मेहुणा तेमिरकुल म्हणतो, दाजी, हा बाकात शिरणार कसा? काहीतरी गोल घ्या. याच्या घराचं दार वर्षभर नीट लागत नाही, आणि हा मला शिकवणार.

दुपार
पोटाला झकास धार. बाकात काही नाही. दगड हट्टी आहे.

१४ ऑक्टोबर
बुरुल म्हणाली, अहो, पियाला पालथा घाला नि बुडाच्या खरखरीत कडेवर घासा, कड गोल असते, बाकात बसेल. स्वतःची सुरी ती तशीच घासते. चहाच्या भांड्यावर. मी बसडेपोत इन्स्पेक्टर होतो, चहावाला नव्हे. म्हटलं, तू कणीक मळ.

१५ ऑक्टोबर
दोष दगडात नाही, बाकात आहे. बाक थोडा उतरवला की दगड सगळीकडे पोचेल. साधी गोष्ट, पण सुचायला डोकं लागतं. या घरात ते एकच आहे.

१६ ऑक्टोबर
बाक अर्धा गेला. पोटही. पातं सडपातळ दिसतं.

१७ ऑक्टोबर
मेरिमने चाकू पाहिला आणि रडायला लागली. बाबा, ते काय म्हणतील? मुलींना लोखंडातलं काय कळतं. तरी थोडं वाईट वाटलं. मग चहा घेतला.

१८ ऑक्टोबर
पातं सरळ. कागद सर्रकन कापतं. तेमिरकुलला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, दाजी, चाकू कुठाय? जळतो मेला.

१९ ऑक्टोबर, रविवार
मांसाचं ताट आलं. सगळे माझ्याकडे बघत होते. चाकू हाडाला लागला आणि पातं वाकलं. म्हणजे बाक परत आला, पण आडवा. बुरुलने आपली सुरी पुढे केली. व्याह्यांनीच मग पियाला पालथा घातला, त्यावर ती दोनदा घासली आणि मांस केसासारखं बारीक कापलं. माणूस दिखाऊ आहे.
जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, व्याही, आमच्या बापाचा चाकू कुठे ठेवलात? तो माझ्या हातातच होता. म्हटलं, कोठीत आहे, जपून. ते म्हणाले, मग तो सापडला की कळवा, तारखेचं तेव्हा बघू. मेरिम उठून आत गेली. अजून दार उघडत नाही.
संकल्प: उद्यापासून पात्यात पुन्हा बाक काढायचा. त्याला गोल काहीतरी हवं. पियाला मागितला. बुरुल देत नाही.