कॅमेरा सुनेला, नळी मुलाला

मी, खाली सही करणारी, हाडांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली एक्स-रे तंत्रज्ञ, विधवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोक्याला मार लागला असला तरी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मार कोणी दिला हे दाखल्यात नाही, म्हणून इथे लिहिते: माझ्या मुलाने, नटबोल्ट आवळायच्या लोखंडी पान्ह्याने, जेवणाच्या टेबलाजवळ. तो जामिनावर सुटायच्या आत सह्या व्हाव्यात.

१. राहतं घर गच्चीसह माझ्या सुनेला. ते माझ्या पगारातून घेतलेलं, स्वकष्टार्जित आहे. मुलाने तिला "माझ्या घरातून चालती हो" म्हणत जिन्यावरून ढकललं होतं. घर त्याचं कधीच नव्हतं.

कारण नोंदवते. सुनेच्या मनगटाचा एक्स-रे मी उजेडासमोर धरला.

"दाराला लागलं, आई."

"हे हाड पिळून मोडलंय. दार पिळत नाही, बाळ."

त्याखाली आणखी एक मोडलेलं हाड होतं, वाकडंच जुळून आलेलं. करड्या छटा वाचण्यात माझी अख्खी नोकरी सरली. माझ्याच घरातल्या मला वाचता आल्या नव्हत्या.

२. आकाशाचे फोटो काढण्याचा थंड होणारा कॅमेरा, आतल्या रंगीत फिल्टरच्या चाकासह, सुनेला. तिला तो चालवता येतो. तरी सांगते: तापमान हळू उतरव, हळू चढव. कवच उघडू नकोस. दमट हवा आत गेली की काचेवर दव गोठतं. दुपारी झाकण लावून काळे फोटो काढत जा. त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे खोटे ठिपके, येतो; तो खऱ्या फोटोतून वजा करायचा असतो.

मुलगा म्हणाला होता, "नवा कॅमेरा आणि काळंपांढरं? आई, तुला कोणीतरी शेंडी लावली."

"रंग एकेक करून घ्यायचे असतात. चाक फिरतं, लाल येतो, मग हिरवा, मग निळा."

"तेवढा धीर कोणाला आहे?"

त्याला नव्हता.

३. दुर्बिणीची नळी मुलाला. घर सुनेला देणार असं मी सांगितलं, तेव्हा त्याने पान्ह्याने आधी तीच चेचली. तिच्यातला आरसा फुटून तुकडे सुनेच्या पायात घुसले. कॅमेरा शेजारीच होता, चहाच्या डब्याएवढा. त्याकडे त्याने पाहिलंही नाही. मोठं ते महाग, हा त्याचा लहानपणापासूनचा हिशोब. नंतर तो माझ्याकडे वळला. नळी माळ्यावर आहे, न्यावी.

४. बँकेतली सर्व शिल्लक सुनेला. वकील म्हणाले, "तिने त्याच्याकडे परत जाऊ नये अशी अट घाला." घालणार नाही. अट घालून मी तिला आणखी एक मालक देणार नाही.

५. मी गेल्यावर मुलगा रडत येईल. त्याला रडू द्यावं, पाणी द्यावं. मात्र माझ्या देहाला त्याने हात लावू नये. त्याचा हात माझ्या अंगाला जिवंतपणी पुरेसा लागला आहे.

लिहून ठेवणार: सही

साक्षीदार पहिला: हाडांचे डॉक्टर. मी तपासलं आहे. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. वरचा आवाज मला बरीच वर्षं ऐकू येत होता. आज पहिल्यांदा वर आलो.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: अकरा ऑक्टोबर