टाचण्यांचं चुंबक

७ फेब्रुवारी

ह्यांचं डोकं फिरलंय! निवृत्तीच्या पैशांतून गाडी घ्यायची म्हणतात. तीही जुनी. तीही दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीची, जमिनीला टेकलेली. "अगं, अशा मोजक्याच निघाल्या. आता या गावात एकच उरलीय." म्हटलं, बाकीच्यांना वेळेत अक्कल आली असेल! हसले नाहीत.

मालक वारले. त्यांच्या पत्नी विकतायत — गाणं शिकवतात, सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. किंमत अकरा लाख. अकरा! मी कोथिंबिरीच्या जुडीला चार दुकानं फिरते.

९ फेब्रुवारी, रविवार

हे "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले, ते जेवायलाच उगवले. भाजी दोनदा गरम केली. गॅस फुकट. स्वारी खुशीत — शीळ वाजवत हात धुतले.

११ फेब्रुवारी

भावजी जेवायला होते. विम्याच्या कामात रोज ठोकलेल्या गाड्या बघतात, म्हणून विचारलं — जुन्या गाडीचा भाव ठरवतात कसा? कापड असतं तर उलटं करून बघितलं असतं.

"तसंच आहे, वहिनी. खालचा गालिचा उचलून गंज बघायचा. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का बघायचं. आणि चुंबक लावायचं. पत्र्याला धरतं, पुट्टीला धरत नाही. ठोकलेली गाडी रंगवून आणली की आत पुट्टी!"

म्हटलं, माझ्या शिवणाच्या डब्यात आहे की टाचण्या वेचायचं चुंबक.

"मग विकणाऱ्याची खैर नाही!"

कुठली गाडी ते ह्यांनी भावजींना सांगितलंच नाही. "आणल्यावर बघ." मग माझ्याकडे वळून, "तूच चल. मला तोंडावर भाव पाडून मागता येत नाही. तुला येतं."

इतक्या वर्षांत मोठ्या खरेदीला "तू चल" पहिल्यांदाच! आरतीतही लक्ष लागेना.

१६ फेब्रुवारी, रविवार

घेतली. आठ लाखांना!

निघताना ह्यांनीच आठवण केली — "चुंबक घेतलंस ना?" बाईंच्या घरी निम्मं सामान खोक्यांत बांधलेलं. लेकीकडे राहायला जायचंय त्यांना. गाडी मागच्या शेडमध्ये, चादर पांघरून. गडद हिरवी. खोटं कशाला लिहू — छान आहे.

गालिचा उचलला. गंज नाही. नंबर जुळले. बॉनेटला चुंबक टच्चकन चिकटलं. दाराला लावलं — घसरून पायावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दुसऱ्या दाराचंही तेच.

म्हटलं, "बाई, गाडी दोन्ही बाजूंनी ठोकलेली आहे. आत नुसती पुट्टी आहे."

"नाही हो. अपघात कधीच झाला नाही."

"चुंबक खोटं बोलत नाही." — आवाज जरा चढलाच माझा. "देवाला स्मरून सांगा बघू."

बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. ह्यांच्याकडे बघत होत्या. हे चष्मा पुसत उभे. भिडस्त स्वभाव! शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते द्या." आणि चादरीची घडी घालायला लागल्या. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

येताना हे म्हणाले, "मानलं तुला!" मी खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकलं.

१७ फेब्रुवारी

तीन लाख वाचले. देवापुढे साखर ठेवली.

२२ फेब्रुवारी

भावजी आले. गाडी बघून पायरीवरच थबकले. "दादा, ही?! ही मिळाली तुला?"

मी मोठ्या तोऱ्यात चुंबक आणून दाखवलं. दारावरून पडलं तसे भावजी हसत सुटले. मग माझा चेहरा बघून थांबले.

"वहिनी, अहो, ही दारं अॅल्युमिनियमची असतात. वजन कमी राहावं म्हणून कारखान्यातूनच तशी. पुढे खर्च परवडेना, मग पत्र्याची केली. म्हणून तर ही दुर्मीळ. अकरा रास्तच होते. ओळखीपाळखीत विकली असती तर बारा आले असते."

हे आत चहाचं काय झालं बघायला गेले. कधी नव्हे ते.

२३ फेब्रुवारी

सकाळी दुधाच्या पातेल्याला चुंबक लावून बघितलं. घसरलं. रोज हातात असतं हे भांडं! अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही हे मला कुणी शिकवायला हवं होतं? उचलली जीभ लावली टाळ्याला. नवरा गेलेल्या बाईला त्याच्याच गाडीपाशी उभं करून खोटारडी ठरवलं. वर देवाची शपथ घालायला निघाले होते!

ह्यांना म्हटलं, उरलेले पैसे पोचते करू या.

"व्यवहार झाला की झाला. त्यांनी राजीखुशीनं दिली."

"मी खोटं बोलले त्यांच्याशी."

"तू कुठं खोटं बोललीस? तुला माहीत नव्हतं." आणि पेपर उघडला.

पोथी उघडली. वाचवेना. मिटून ठेवली.

२५ फेब्रुवारी

हे फिरायला चल म्हणाले, गाडीतून. गुडघा दुखतोय म्हटलं. गुडघा ठीक आहे.

२७ फेब्रुवारी

यात्रेसाठी साठवलेले बँकेतून काढले. घरखर्चातून वाचवलेले, माझे. तीन लाखांच्या जवळपासही जात नाहीत. पण रिकाम्या हातानं माफी मागायला तोंड नाही. देव काय, पुढच्या वर्षी भेटेल. बाई पुढच्या आठवड्यात जाणार.

ह्यांना सांगितलं नाही. वाईट वाटतंय. बिचाऱ्यांना आयुष्यात एकच हौस, आणि तीत मी विरजण घातलं — ते तर माझ्या भरवशावर राहिले होते.

२८ फेब्रुवारी

बाईंना दारांचं सांगून माफी मागितली. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. "म्हणजे तुम्हाला आत्ता कळलं?" माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुमचे मिस्टर आदल्या रविवारी एकटे येऊन गेले होते की. दारावर टिचकी मारून मलाच समजावलं — अॅल्युमिनियम आहे बाई, ह्या दारांचीच तर किंमत! पुढच्या रविवारी तुम्ही चुंबक काढलंत. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे. मग वाद कशाला घालू, मला तर निघायची घाई."

पाकीट त्यांच्या खोक्यांवर ठेवून निघाले.

घरी आले तर हे अंगणात गाडी पुसत होते. "कुठे गेली होतीस?"

सांगितलं.

फडकं दारावर थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.