गरम पाण्याची तार

बाबा, तुझ्या गॅरेजच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. रोझ बेल गावात गेले की मी मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालते. तरी ती शेड दिसतेच मला. वर डोंगरातल्या क्युरपिपच्या डॉक्टरांची जुनी इंग्रजी गाडी आत उभी आहे, तू डॅशबोर्डखाली उताणा पडलायस आणि मी वर सीटवर बसून माझं सर्किट जोडतेय. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. कारखान्यात मी दिवसभर सर्किटंच जोडायची, आणि हीटर-एसीचे तारांनी ओढायचे जुने दांडे काढून तिथे बटणं बसवायची कल्पना माझीच. डॉक्टरांना काम पसंत पडलं तर त्यांच्या ओळखीतल्या साऱ्या जुन्या गाड्या आपल्याकडे येणार होत्या. बंद पडत आलेलं तुझं गॅरेज तगणार होतं.

तू एकच गोष्ट मागितलीस. हीटरला इंजिनाचं गरम पाणी सोडणाऱ्या झडपेची जुनी तार राहू दे. "आयो बाय, तुझा हा डबा रुसला तर हात कुठं घालायचा?" मी फणकारले, "मॉरिशसमध्ये हीटर लागतो कुणाला?" "क्युरपिपच्या धुक्यात काच साफ व्हायला लागतो. तू खाली प्लेन मान्येनच्या उन्हात वाढलेली, तुला काय कळणार!" आणि हे डॉक्टरांसमोर. ते हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू चहाला गेलास तेव्हा मी वाकून पाहिलं, तर तू तार ठेवलीच होतीस, टोकाला ओढायची कडी करून. मी तुझीच पक्कड घेतली आणि ती झडपेपाशी कापली. झडप फिरवणाऱ्या माझ्या नव्या मोटरला तिची ओढ बसेल म्हणून कापतेय, असं स्वतःला सांगितलं. साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला निघालो. क्युरपिपच्या चढावर झिमझिम लागते. डॉक्टर चालवताहेत, शेजारी तू, मागे मी आणि डॉक्टरांची म्हातारी आई. काच आतून पांढरी होते. डॉक्टर रुमालाने पुसतात, पुन्हा पांढरी. बटण दाबतात, पंखा फिरतो, पण वारा थंडगार. माझी मोटर हलतच नाही. समोरून उसाच्या लॉरीचा भोंगा. "थांबा, माझी तार आहे," म्हणत तू खाली हात घालतोस, कडी ओढतोस आणि अख्खी तार तुझ्या हातात येते. म्हातारी किंचाळते. तू खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडतोस, "डावीकडं! अजून डावीकडं!" लॉरी आरसा घासून निघून जाते.

गाडी कडेला थांबली. तू तारेचं टोक बोटांत फिरवलंस. गंजून तुटलेल्या तारेचं टोक फुलतं, हे सपाट होतं. मग डॉक्टरांना म्हणालास, "चूक माझी, साहेब. तार जुनी होती, बघायची राहिली." ते परत आले नाहीत, त्यांच्या ओळखीतलंही कुणी आलं नाही, आणि वर्ष सरायच्या आत तू शेडला कुलूप लावलंस. मला त्या संध्याकाळी एवढंच म्हणालास, "बाय, पक्कड घेतलीस की जागेवर ठेवत जा."

म्हणजे तुला कळलं होतं. त्यानंतर सहा वर्षं तू रोज माझ्यासमोर बसून जेवलास, आणि "मी कापली" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि घरात कुणाला दाखवायची हिंमत नाही. काल तुझ्या पणतूने विचारलं, पणजोबांचं गॅरेज का बंद पडलं. मी म्हटलं, त्यांच्याकडून एक गंजलेली तार बदलायची राहिली होती.