डार्करूममध्ये हवा कुठून येत होती

अण्णा, तुमच्या डार्करूममध्ये हवा कुठून येत होती, हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मला प्रश्न आत्ता पडतोय. "बाईसाहेब, फार लवकर सुचलं," असं तुम्ही म्हणाला असतात. नारायण पेठेतलं दुकान मी अजून चालवते. पासपोर्टचे फोटो आता दोन मिनिटांत निघतात आणि उरलेला दिवस झेरॉक्स काढण्यात जातो. मागची पाच बाय सात फुटांची खोली, जिला तुम्ही खिडकी सोडा, कोनाडासुद्धा ठेवला नव्हता, तिथे मी कागदाचे गठ्ठे रचून ठेवले होते. यंदा उन्हाळ्यात तुमच्या नातीनं ते सगळे बाहेर काढले. ती खराडीला नोकरी करते, आठवडाभर स्क्रीनपुढे बसते आणि शनिवारी येऊन तुमच्या एन्लार्जरवर, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रावर, रिळातले फोटो करते. मी म्हटलं, अगं, फोनवर काढ की. तर म्हणाली, "आई, यातली मजा वेगळी असते. तुला नाही कळणार." मला नाही कळणार!

तिसऱ्या शनिवारी ती बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. डोकं धरून दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मळमळतंय गं." मी आत जाऊन पाहिलं, तर फोटो धुवायच्या हायपोचा आणि ॲसिडचा वास डोळ्यांना झोंबत होता. मला तुमचा खोकला आठवला. दर तासाभरानं तुम्ही बोळात जाऊन उभे राहायचात, एक हात भिंतीला टेकून. डॉक्टरांनी सगळं खापर सिगारेटवर फोडलं आणि आम्हीही ते मान्य केलं. त्या दिवशी मी पोरीला बजावलं की हवेची सोय होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, आणि सोय झालीच नाही तर खोलीला कायमचं कुलूप. तिचं तोंड एवढंसं झालं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून मी एक्झॉस्ट पंखा आणला. इलेक्ट्रिशियननं तो दारावर उंच बसवला आणि उजेड येऊ नये म्हणून बाहेरून पत्र्याचं वाकडं नळकांडं लावलं. आता हवा नक्की कशी जाते ते मला बघायचं होतं. मग मी दार लावलं, लाल दिवा लावला आणि उदबत्ती पेटवून मधोमध उभी राहिले. पंखा ढणढण फिरतोय आणि धूर मात्र आपला सरळ वर चाललाय. मी खाली बसले, उभी राहिले, कोपऱ्यात गेले, पण तो कुठेही वाकायला तयार नाही. शिवाय दार उघडताना धक्का द्यावा लागला, कुणी पलीकडून दाबून धरल्यासारखं. इलेक्ट्रिशियन बाहेर उभा होता, तो म्हणाला, "ताई, बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा. किती येते? आत येणारच नसेल तर पंखा बाहेर काय टाकणार, कपाळ?" तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की तुम्ही इथे बारा-बारा तास काढलेत, म्हणजे आत यायची वाट तुम्ही कुठेतरी ठेवलीच असणार.

ती सापडली धुण्याच्या ओट्याखाली, बोळाच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत. प्लायवूडची पेटी, आत तीन आडव्या फळ्या एकीआड एक बसवलेल्या, आणि सगळ्याला आतून काळा रंग. मी टॉर्च घेऊन पालथी पडले आणि बघतच राहिले. हवा वळणं घेत आत येईल आणि उजेड काळ्या फळ्यांवर आपटून तिथेच संपेल. किती साधी युक्ती! पण आतलं तोंड बुजलेलं होतं. छत्रीचं जाड काळं कापड त्यात ठासून भरलेलं होतं, आणि ते कुणी भरलं हे मला त्याच क्षणी कळलं.

मी सहावीत आहे. लग्नाच्या ऑर्डरसाठीच्या फोटो-कागदांचं अख्खं पाकीट उजेड लागून करडं पडलंय आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, "बाईसाहेब, उजेड फुकट मिळतो म्हणून घरात भरून ठेवायचा नसतो." मी पाकिटाला हातसुद्धा लावलेला नाही. मला इतका राग येतो की दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेल्यावर मी डार्करूममध्ये शिरून दार लावून घेते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहते. मग एकेक फट सापडायला लागते. दाराखाली, चौकटीशी, वायरीच्या भोकाशी. आईची मोडकी छत्री कापून मी खळ लावून एकेक बुजवते. ओट्याखाली जरासं करडं दिसतं, तिथे उरलेलं सगळं कापड मुठीनं कोंबते. संध्याकाळी तुम्ही आत दहा मिनिटं उभे राहता आणि बाहेर येऊन म्हणता, "अंधार उत्तम झालाय." तुमच्या तोंडून "उत्तम" मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कागद उचलायचा लाकडी चिमटा दिलात, "हा तुझा," म्हणून, आणि तेव्हापासून मला आत यायची परवानगी मिळाली. माझं सगळं आयुष्य त्या दुपारपासून या दुकानात गेलं.

पण अण्णा, खरी गोष्ट पुढेच आहे. कापड ओढायला गेले तर निघेना. कडेनं चार बारीक पितळी खिळे होते, तुम्ही फ्रेमना मारायचात ते, चारी कोपऱ्यांत नीट मारलेले. मी फक्त कोंबलं होतं. खिळे तुमचे. म्हणजे तुम्ही ओट्याखाली वाकून ते पाहिलंत, आपली हवा बंद झालीये हे तुम्हाला कळलं, आणि कापड काढायच्या ऐवजी तुम्ही ते पक्कं केलंत. का हो? कागद खरंच तिथून आलेल्या उजेडानं खराब होत होते, फळ्या सरकल्या होत्या, म्हणून? की मी चिडून, रडून केलेलं काम मोडायला तुमचं मन झालं नाही? पहिलं असेल तर तुम्ही धंदा सांभाळलात. दुसरं असेल, तर तुमच्या खोकल्यात माझा वाटा किती, हे मला कोण सांगणार? आठ दिवस हेच चाललंय डोक्यात. इलेक्ट्रिशियनला तर मी विचारलंसुद्धा, फळ्या सरकलेल्या वाटतात का. तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी काय सांगणार, ताई?"

खिळे उपटले, कापड काढलं, फळ्यांना नवा रंग दिला. पंखा लावून उदबत्ती धरली तर धूर आडवा झाला आणि ओट्यापासून दारापर्यंत तिरका निघून गेला. परवा पोरगी तीन तास आत होती. बाहेर आली ती भूक लागली म्हणतच. मग चिवडा खाता खाता तिनं विचारलं, "ते भोक कुणी गं बुजवलं होतं?" मी म्हटलं, उंदरांनी. तिनं ओट्यावर सापडलेले चार पितळी खिळे माझ्यापुढे धरले. "उंदीर खिळे ठोकतात?" अगदी तुमच्याच आवाजात. मी उठून झेरॉक्सला कागद भरायला गेले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ते मला ठाऊक आहे. मी ते एन्लार्जरखालच्या खणात, तिच्या कोऱ्या कागदांवर ठेवतेय. शनिवारी ती खण उघडेल. तोंडानं सांगायला मला धीर होत नाही, अण्णा.