दोन काट्यांमधलं अंतर

४ मार्च
आज शरीररचना विभागात रुजू झाले. पहिल्याच दिवशी माझी वर्णी लागली हाडांच्या खोलीत! ऊन भरपूर, टेबल ऐसपैस, आणि डोकं खायला कुणी नाही. काम सोपं आहे: विद्यार्थ्यांसाठी कमरेच्या हाडांवर खुणा रंगवायच्या. वरची कड, पुढचं टोक, बसताना टेकतं ते हाड, आणि आतले दोन काटे. बाळंतपणात बाळाचं डोकं या काट्यांच्या मधून खाली सरकतं; दहा सेंटीमीटर तरी जागा हवी. मला सातवा लागलाय, तेव्हा हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं म्हणून नवरा चिडवतो.

६ मार्च
अठरा नंबरच्या पेटीतल्या हाडात काट्यांमधलं अंतर फक्त साडेसात. एवढ्यातून काय जाणार? खोली सांभाळणारे मामा म्हणाले, बाई अडली आणि दोघंही गेली. मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "एक हात हाडावर असेल, तर दुसरा आपल्या अंगावर न्यायचा नाही, ताई."
मी मान डोलावली, आणि ते चहाला गेल्यावर नेमकं तेच केलं. आम्ही शिकलोच तसं. हाडावरची खूण चाचपायची आणि लगेच आपल्या कमरेवर तीच शोधायची. माझ्या डाव्या कडेला लहानपणी पडल्याचं टेंगूळ आहे, तेही लागलं. जित्याची खोड, दुसरं काय.

२ एप्रिल
अठरा नंबर पुन्हा मोजला. साडेआठ भरलं. तेव्हा मीच चुकले असणार, म्हणून पेटीच्या कार्डावर लिहिलेला आकडा खोडला. कंबर फार दुखते. सासूबाई म्हणतात, या दिवसांत दुखायचंच.

२३ एप्रिल
नऊ. मी चुकत नाहीये.
हाडाच्या डाव्या कडेला टेंगूळ आलंय. ती कड मीच रंगवली होती, तेव्हा नव्हतं. घरी येऊन स्वतःची कड चाचपली. गुळगुळीत. मला भीती वाटतेय.

९ मे
डॉक्टरीणबाई मागे म्हणाल्या होत्या, जागा भरपूर आहे. आज दोनदा तपासलं आणि म्हणाल्या, जागा कमी पडतेय. ऑपरेशन करू म्हणाल्या, तेरा तारखेला. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने हात धरला, विश्वास नाही ठेवला. मामांना उतारा विचारला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसतच राहिले.

१२ मे
सकाळपासून बाळ हललं नाही. नवरा गाडी आणायला गेलाय — मी इथे आले, हाडांच्या खोलीत —
पोट मऊ लागतंय. रिकामं —
पेटी उघडली. अंतर मोजायचा कॅलिपर आत जाईना. काट्यांच्या मधे काहीतरी आहे. गोल. कोमट.
डावा हात त्याच्यावर ठेवून लिहितेय. आता उजवा पोटावर ठेवते. गेलं त्याच वाटेने परत येईल — यायलाच हवं —
ठेवला होता. हललं ते. डाव्या हाताखा