पाळकसाहेबांना मी सांगितलं होतं

आई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या हयातीत एक गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही, ती लिहून काढायला आज दुपारी बसले आहे. घरात कोणी नाही. तुमचे चिरंजीव बाजारात गेलेत, त्यांना यायला तास तरी लागेल.

शिरूरहून लग्न होऊन मी दौंडला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. रेल्वे क्वार्टरच्या त्या दोन खोल्या, यांच्या बदलत्या ड्यूट्या आणि तुम्ही. माझी टायपिस्टची नोकरी पाटसला होती. लग्नानंतर ती सोडावी लागेल असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "तुझी गाडी कितीला असती?" मी म्हटलं, पावणेनऊची एस.टी. तुम्ही म्हणालात, "मंग सातला सैपाक उरकला पायजे." नोकरीबद्दल आपल्यात एवढंच बोलणं झालं. आठ दिवसांनी, भाकरी थापता थापता, तुम्ही पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलंत. "वाच. ऐकत ऐकत कामं व्हत्यात." चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचं काम वीस वर्षं तुमच्याकडं होतं. पाळकसाहेब महिन्याच्या पाठांची चिठ्ठी आधीच देत. त्यातला येत्या रविवारचा पाठ मी रोज सकाळी वाचायची. स्टोव्हचा आवाज, तव्यावरच्या भाकरीचा वास, आणि माझ्या मागोमाग तुमचे हलणारे ओठ. मी भराभरा वाचलं की तुम्ही थांबवायच्या. "वाचतीस का टाईप करतीस?" मला हसू फुटायचं, तुम्हालाही. माझ्या माहेरी कोणी मोठ्यानं वाचत नसे. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यात बैलगाड्यांची रांग लागे, बस अडकून पडे, आणि मी खिडकीत बसून तोच पाठ मनात म्हणत राही. त्या वर्षात मी किती सुखात होते हे मला तेव्हा कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

नाताळ झाल्यावर एका रविवारी मी पहिल्या बाकावर बसले होते. पाठ स्तोत्रांतला होता, आणि स्तोत्रं पुस्तकाच्या मध्यावर येतात. तुमच्यापुढचं पुस्तक मात्र सुरुवातीलाच उघडलेलं होतं. डावीकडं जेमतेम बोटभर पानं. तुम्ही खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता वाचत होतात. वाचत कसल्या होतात, तोंडपाठ म्हणत होतात. घरी आल्यावर मी विचारलं, तर तांदूळ निवडत तुम्ही म्हणालात, "दिसतंय मला. थोडं धुकं वाटतं, तेवढंच." त्या तांदळात खडे तसेच राहिले होते. मी ते नंतर गुपचूप काढले.

त्यानंतरचा महिना मी धास्तीत काढला. रॉकेल ओतताना मी तुमच्या हातातून कॅन घ्यायची. ऑफिसात बसूनही घड्याळाकडं बघायची, आता तुम्ही स्टोव्ह पेटवत असाल म्हणून. आणि मग त्या दिवशी बसमधून उतरून मी यार्डाच्या कडेनं येत होते, तर तुम्ही भाजीची पिशवी घेऊन रुळांच्या मधोमध उभ्या. मागून डबे ढकलत इंजिन येत होतं. आवाज सगळीकडून येत असणार, कुठल्या रुळावर ते तुम्हाला उमगत नव्हतं. तुम्ही एक पाऊल पुढं टाकलंत, परत मागं घेतलंत. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. यार्डातल्या एका खलाशानं दंड धरून तुम्हाला बाजूला ओढलं. डबे गेले. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "माझ्या पोराला सांगायचं न्हाई."

"आई, आत्ता काय झालं असतं?"

"झालं का? न्हाई ना? माझ्या आईचा डोळा आपरेशनमधीच गेला. त्याला कळलं तर उद्याच्याला पुण्याला नेऊन घालंल. शपथा आपल्यात घेत न्हाईत, तू शब्द दे."

मी शब्द दिला. यांना सांगणार नाही, एवढाच तो शब्द होता. दोन दिवस तो घोळवला आणि त्यातून वाट काढली. तिसऱ्या दिवशी बसमधून उतरून मी घरी न येता पाळकसाहेबांकडं गेले. बाहेरच्या खोलीत उभ्यानंच सगळं सांगितलं. माझं नाव घेऊ नका, तुम्हीच सासूबाईंना समजावा, असंही म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, मग म्हणाले, "मी बघतो." मला वाटलं, ते घरी येतील, चहा घेतील, हळूच विषय काढतील.

ते आले नाहीत. रविवार उजाडला. उपासना सुरू होते. तुम्ही निळ्या काठाची पांढरी साडी नेसला आहात. तुम्ही पुढं जाता, पुस्तकावर हात ठेवता, आणि पाळकसाहेब शांतपणे सांगतात की आज चिठ्ठीतल्या पाठाऐवजी दुसरा अध्याय वाचू. नवा अध्याय समोर आला की तुम्ही आपण होऊन डोळ्यांचं सांगाल असं त्यांना वाटलं असावं. तुम्ही पानं उलटता. पुन्हा उलटता. मागं कोणाचं तरी लेकरू रडतं, आणि मग तेही थांबतं. तुमचा हात पानावरून असा फिरतोय की जणू अक्षरं बोटांना लागतील. माझी जागा पहिल्या बाकावर. उठून तुमच्याशेजारी उभं राहायला मला चार पावलं पुरे होती. मी उठत नाही. मी उठले तर सांगणारी मीच हे तुम्हाला कळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एवढ्यात पेटीचा सूर येतो. पेटीवाल्या मावशी, चर्चच्या पाठीमागं राहणाऱ्या, तुमची लहानपणापासूनची मैत्रीण, त्यांनी गाणं धरलं. मंडळी उभी राहिली, गायला लागली, आणि त्या गोंधळात तुम्ही जागेवर येऊन बसलात.

पुढचं सगळं भरभर झालं. यांना कळलं, आठवड्याच्या आत तुम्ही पुण्याला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेक करून ऑपरेशनं झाली. पट्टी काढल्यावर तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत. "किती वाळलीस गं," म्हणालात. पुढच्या ईस्टरला पाठ तुम्हीच वाचलात, पुस्तक योग्य पानावर उघडून. मला वाटलं, संपलं.

पण तुम्ही मावशींशी बोलणं टाकलंत. "तिला आधीच ठावं व्हतं," तुम्ही मला सांगितलंत. "सूर धरून बसली व्हती ती. तिनंच जाऊन पाळकसाहेबांना सांगितलं आसंल." मी म्हटलं, "आई, त्यांनी तर तुम्हाला सावरलं." तुम्ही म्हणालात, "तू भोळी हाईस." मावशी दोनदा घरी आल्या, तुम्ही आतल्या खोलीत निजून राहिलात. चहा मी दिला. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत.

तुमच्या शेवटच्या नाताळाआधी आपण करंज्या करत होतो. तुम्ही आपणहूनच म्हणालात, "जिनं सांगितलं तिनं तोंडावर सांगायचं व्हतं. मी काय खाल्लं असतं का तिला?" माझे हात पिठात होते. याहून बरी वेळ आली नसती. मी म्हटलं, "मोहन कमी पडलंय का बघा बरं." तुम्ही पिठाची मूठ वळून बघितलीत, ठीक आहे म्हणालात. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. अंत्यविधीला पेटी मावशींनीच वाजवली. कबरस्तानात त्या सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. माती टाकायला पुढं यायचं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

आई, रुळावर तुम्हाला बघितल्यानंतर मी सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही. आजही सांगेन. वाईट वाटतं ते याचं, की मावशींवर आळ आला आणि मी तो येऊ दिला, कारण सकाळच्या त्या वाचनाला तुम्ही मला पुन्हा बोलवावं असं मला वाटत होतं. तुम्ही बोलावलंत. तुम्हाला स्वच्छ दिसत असूनही शेवटपर्यंत तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलंत.

मावशी आता ऐंशीच्या पुढं आहेत. रविवारी त्यांना हाताला धरून चर्चला मी नेते. गेल्या रविवारी पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या सासूला माझा कसला राग व्हता गं? तुला कधी बोलली का?" मी म्हटलं, "नाही मावशी."

म्हणजे हे पत्र खरं तर त्यांचं आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. फाटकाचा आवाज आला, हे आले वाटतं. कागद मी शिवणाच्या डब्यात ठेवीन. खरं कळल्यावर मावशी माझ्यावर रागावल्या तर मला सोसेल. त्या काहीच न बोलता माझा हात तसाच धरून ठेवतील, याची मला भीती वाटते.