हातानं आवळलेला बोल्ट

उटनूर
१४ डिसेंबर २०२३

सुनयनाताईले देवानंदचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. अर्पिता शाळेत जाते ना? आई बरी आहे. जेवताना तुमचंच नाव काढते.

माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आता टॉर्क पाना आणला. ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की पाना टक् वाजते, तिथंच हात थांबवाचा. निर्मल गावच्या दुकानदारानं आधी ट्रकचा मोठा दाखवला. तो चाळीसच्या खाली जातच नाही, अन् मोटारसायकलचे कितीक बोल्ट वीस-पंचवीसवाले. एक लय स्वस्त होता, पण त्याचा आकडाच जागेवर राहत नव्हता. मग दहा ते साठवाला मधला घेतला. दुकानदार म्हणे, "बारा वर्षं हातानं आवळले, आता काऊन?" मी पैसे मोजून दिले.

काऊन ते तुले सांगतो.

भाऊजी गेले त्याच्या आदल्या रविवारी त्यांच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड मीच बदलले. ब्रेकचा जबडा दोन बोल्टांवर बसते. त्यातला एक मी जास्तच आवळला. शेवटच्या झटक्याले तो हातात एकदम नरम लागला. आटे गेले, बोल्टाची पकड गेली, हे मले तवाच समजलं. भाऊजी म्हणाले, "देवा, काही असलं तर ठेव गाडी, मी बसनं जातो."

मी म्हणलं, "न्या हो, काही होत नाही."

केरामेरीच्या घाटात तो जबडा सुटून चाकात अडकला. गाडी ठाण्यात उभी आहे, मी पाहून आलो. तो बोल्ट जागेवर नाही.

तेरवीले तुझे सासरे चंपतराव पंगतीत म्हणाले, "पोरगं गाडी उडवतच होतं." मी वाढून राह्यलो होतो. मी मान हलवली. मग अर्पितानं माझा हात धरला. "मामा, बाबा लय जोरात चालवत होते काय?"

तिलेही मी हो म्हणलं, ताई.

काल ठाण्यात सगळं लिहून दिलं. जमादार म्हणे, "केस बंद हो गया, क्यों गले में लेते?" मी सही केली. पुढं काय करतात, त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी तुझ्या सासरी वांकिडीले येतो. चंपतरावांसमोर अन् अर्पितासमोर बोलतो. तू दार लावलंस तर अंगणात उभं राहून सांगीन. माफी मागाले तोंड नाही, म्हणून ती या चिठ्ठीत लिहिली नाही.

तुझं कुंकू ज्याच्या हातानं गेलं, तो तुझाच धाकटा भाऊ,
देवानंद